शिंपल्यांच्या टाकीसाठी वाळू निवडताना

खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या मत्स्यटाकीत ट्रायडॅक्ना (समुद्रातले महाकाय) शिंपले ठेवायचे असतील, तर पिठासारखी बारीक वाळू टाळावी. पंपाच्या झोताने ती उडून शिंपल्याच्या रंगीत, मांसल कडांवर बसते आणि तो त्या वारंवार आत ओढून घेतो. १ ते २ मिलिमीटर दाण्याची अ‍ॅरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू, ३ ते ५ सेंटिमीटर थरात, मला सर्वांत योग्य वाटते. डेरासा आणि स्क्वामोसा या जाती वाळूवर चांगल्या राहतात. मॅक्सिमा आणि क्रोसिया यांना मात्र खडकच हवा. वाळूवरच्या शिंपल्याखालीही एक चपटा दगड पुरून ठेवावा, कारण तळातून सोडलेल्या चिवट धाग्यांनी शिंपला त्याला घट्ट धरतो आणि पुढे जागा बदलायची झाल्यास दगडासकट अलगद उचलता येतो. तो ओढून उपटला, तर धागे तयार करणारा अवयवच फाटून शिंपला मरू शकतो.