‘एका दिवशी एकच बुकिंग’ म्हणजे नक्की काय?

एमसीएला असताना आम्हाला मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं अ‍ॅप करायला दिलं होतं. वर्णन तीन ओळींचं: ‘ग्राहकाला हॉल बुक करता यावा. एका दिवशी एकच बुकिंग घ्यावं. बुकिंग रद्द करता यावं.’ मी तारखेच्या कॉलमला युनिक कन्स्ट्रेंट (तीच तारीख टेबलात दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) लावला आणि दोन तासांत मोकळा झालो. तपासताना सरांनी एक बुकिंग रद्द केलं, तीच तारीख पुन्हा घेतली, आणि एरर! रद्द झालेली नोंद टेबलातच होती ना. आठवड्याची मुदत मिळाली.

तेव्हापासून कोड उघडण्याआधी मी वाक्यातला एकेक शब्द त्या धंद्यातल्या माणसाला विचारतो. माझा मामा एका कार्यालयाच्या ऑफिसात बसतो. म्हटलं, “मामा, तुमच्याकडे एक दिवस म्हणजे किती?”

“आदल्या संध्याकाळी सहाला किल्ली देतो, लग्नाच्या दिवशी पाचला परत घेतो.”

सीमांतपूजन आदल्या रात्री असतं, हे मी विसरलोच होतो. म्हणजे एका ‘दिवसात’ दोन तारखा! मग तारखेचा कॉलम काढून सुरुवात आणि शेवट अशा दोन वेळा ठेवल्या. नवं बुकिंग जुन्याच्या शेवटाआधी सुरू होत असेल आणि जुनं नव्याच्या शेवटाआधी, तर दोन्ही एकमेकांवर चढतात. रद्द झालेल्या नोंदी या तपासणीतून वगळायच्या. एक पाचला संपलं आणि दुसरं पाचलाच सुरू झालं तर? पोस्टग्रेस या डेटाबेसच्या रेंजमध्ये, म्हणजे ‘इथपासून इथपर्यंत’ अशा नोंदीत, मुळात सुरुवात धरलेली आणि शेवट वगळलेला असतो, त्यामुळे चालेल. मामा म्हणाला, “आणि मधे झाडलोट कोण करणार, तू?”

अशी शंका सरांना विचारतानाही ‘सर, नीट कळलं नाही’ असं लिहू नका. त्याला उत्तर काय देणार? मी लिहिलं: ‘12 तारखेला 5 वाजता एक बुकिंग संपलं, तर दुसरं 5 लाच सुरू होऊ द्यायचं का? तुमचं उत्तर येईपर्यंत मी नाही धरतो, मधे एक तास सोडतो.’ हेच वाक्य रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, आणि कोड तपासायला त्याच तारखेची एक टेस्ट.

अट कशी लिहावी हे रेल्वेकडून शिकावं. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं, ‘प्रवासाचा दिवस वगळून’. ते शेवटचे तीन शब्द नसते तर वर्गातल्या निम्म्या मुलांचं गणित एका दिवसाने चुकलं असतं.

मामा नुसती चौकशी पेन्सिलीने लिहितो, अ‍ॅडव्हान्स आला की पेनाने. ते ऐकून मी ‘पक्कं’ आणि ‘रद्द’ यांच्या जोडीला ‘तात्पुरतं धरलेलं’ अशी तिसरी स्थिती टाकायला निघालो होतो. सरांना विचारलं. “मागितलंय का?” मग स्थिती दोनच ठेवल्या, आणि पेन्सिल मामाकडेच राहिली.