घरून काम आणि घरात दोन वर्षांचं पिल्लू: आदल्या रात्रीपासूनची तयारी

कंपनी पुण्याची नाहीतर बंगलोरची, घर इंदिरानगरला किंवा गंगापूर रोडला, आणि घरात एक ते तीन वर्षांचं पिल्लू, अशी घरं आता नाशकात भरपूर आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नंबर टाकून यादी करता आली असती पण ही कामं एकमेकांत इतकी अडकलेली असतात की सलग सांगितलेलंच बरं. आणि आधीच सांगतो, पोराला दिवसभर गुंतवून ठेवायच्या तयारीला लागू नका, ते कुणालाच जमत नाही. तयारी करायची ती त्या दीड-दोन तासांची, जेव्हा तुम्हाला खुर्चीवरून खरंच उठता येत नाही. बाकी वेळ ते तुमच्या पायात पायात करणारच, करू दे.

म्हणून पहिलं काम आदल्या रात्री. जेवणं झाली की उद्याचं कॅलेंडर उघडायचं आणि बघायचं की कुठल्या कॉलमध्ये आपल्याला बोलायचंय आणि कुठे नुसतं ऐकायचंय. बोलायचे कॉल शक्यतो दुपारच्या झोपेत टाकायचे, म्हणजे घरात पोरगं साधारण एक ते तीन झोपत असेल तर टीमला स्पष्ट सांगून ठेवायचं की महत्त्वाचं काही असेल तर दीडला ठेवा. लोक ऐकतात, सांगायला लाजू नका. एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते, त्यामुळे ती झोप मिळणारच असते, फक्त तिची वेळ रोज तीच ठेवायची. आणि त्या झोपेत कपडे वाळत घालणं, ओटा आवरणं असलं काही करायचं नाही, तो तुमचा सगळ्यात महाग वेळ आहे.

ऐकायच्या कॉलला पोरगं शेजारी बसलेलं चालतं, तिथे लागतात खेळणी. त्याच रात्री सगळी खेळणी गोळा करून चार पिशव्यांत वाटून टाका, तीन पिशव्या माळ्यावर आणि एकच खाली, दर आठवड्याला बदलायची. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ साली छापलेला एक छोटा अभ्यास आहे, त्यात लहान मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६, तर चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त वेगवेगळ्या पद्धतीने खेळली. माळ्यावरची पिशवी खाली आली की त्यातली जुनी गाडीपण नवीन वाटते, वेगळा खर्च नाही.

पण खरं सांगायचं तर या वयाची आवडती खेळणी स्वयंपाकघरातच असतात. ओट्याखालचा सगळ्यात खालचा कप्पा पोराच्या नावाने करून टाका, त्यात स्टीलच्या वाट्या, झाकणं, चाळणी, पळी, जुना डबा, लाकडी लाटणं. डब्याला कुठलं झाकण बसतं हे शोधण्यात पोरं रमतात. भातुकली घ्यायची असेल तर भांडीबाजारात जाऊन जरा जाड पत्र्याची, धार न लागणारी बघून घ्या, प्लास्टिकच्या सेटमधले बारके तुकडे तुटून तोंडात जातात. मेथीची जुडी ही तर फार कामाची वस्तू, पेपर पसरायचा आणि पानं तोडायला बसवायचं, तुम्ही शेजारी लॅपटॉप घेऊन बसा, अर्धी मेथी खाली सांडेल, सांडू दे. कणकेचा गोळापण तसाच, हळद किंवा बीटाचा रस घालून रंगवून द्या, मात्र भरपूर मीठ घालून टिकाऊ कणीक करायची कृती सगळीकडे फिरत असते ती या वयाला अजिबात नको, पोरं ती खातात आणि तेवढं मीठ त्यांच्या शरीराला सोसत नाही. आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या घरोघरी येतात त्या टाकून देऊ नका. स्टेपलरच्या पिना काढून टाकायच्या, एक पेटी गाडी, एक दुकान, दोन-तीन एकावर एक रचून पाडायला.

पाण्याचा खेळ सगळ्यात जास्त वेळ टिकतो, बाल्कनीत किंवा बाथरूमच्या दाराशी परात, त्यात तांब्या, गाळणी, वाटी, पण तो फक्त तुमची नजर असतानाच द्यायचा, बोलायच्या कॉलला नाही. दोन-तीन इंच पाण्यातपण लहान मूल बुडू शकतं. डोकं जड असतं, बादलीत तोंडावर पडलं की त्याला स्वतःहून वर येता येत नाही. म्हणून परात लगेच ओतून टाकायची आणि सकाळी नळाच्या वेळेला भरलेल्या बादल्या असतील त्या बाथरूममध्ये ठेवून दाराला बाहेरून वरची कडी.

कड्यांचं निघालंय तर आतल्या खालच्या कड्या काढून टाका, पोरगं आत जाऊन कडी लावून घेतं आणि मग काढता येत नाही, तुम्ही कॉलवर असताना हे व्हायला नको. रात्रीची ही फेरी मनापासून मारायची. खिडकीला, बाल्कनीच्या कठड्याला लागून खुर्ची-स्टूल नको. आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या उशाशी किंवा पर्समध्ये नकोत, कपाटात वर. मच्छरच्या मशीनची बाटली हाताला येईल अशी नको. आणि ते चपटे बटणासारखे सेल, जे रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाणाऱ्या खेळण्यांत आणि दिवाळीच्या लुकलुकणाऱ्या पणत्यांत असतात, त्यांची झाकणं स्क्रूने घट्ट आहेत ना बघा. असा सेल गिळला आणि घशात अडकला तर दोन तासांतसुद्धा आत भाजल्यासारखी गंभीर जखम होते. शंका जरी आली तरी कॉल सोडून थेट दवाखाना, सकाळपर्यंत बघू असं करायचं नाही.

खाऊचे डबेपण रात्रीच. छोटे तीन-चार डबे, प्रत्येकात थोडंथोडं, राजगिऱ्याचा लाडू कुस्करून, केळं सकाळी कापून, उकडलेला बटाटा, मऊ पोळीचे तुकडे, आणि प्रत्येक डबा कठीण कॉलच्या सुरुवातीला उघडायचा. आपल्याकडे सीझनला द्राक्षं ताटभर असतात, पण अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बरोब्बर बसून श्वास बंद करू शकतं, त्यामुळे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत उभं चिरून चार फोडी करूनच द्यायचं. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, चिवडा हे तर नकोच, आणि आजोबांना हे प्रेमाने पण ठामपणे सांगून ठेवायचं कारण त्यांच्या मुठीतून चार दाणे हमखास जातात. तुम्ही हेडफोन लावून बसलाय आणि पोरगं मागे एकटं खातंय असं कधीच नको, समोर बसवा.

आता आजी-आजोबा. घरात आहेत म्हणून ते दिवसभर सांभाळतीलच असं धरून चालू नका, त्यांचंही वय आहे, त्यांचीही दुपार आहे. आदल्या रात्री विचारायचं, आई, उद्या अकरा ते बारा तू घेशील का त्याला, आणि बाराला खरंच परत घ्यायचं. एवढं पाळलं की पुढच्या वेळी त्या स्वतःहून हो म्हणतात. घरात दुसरं मोठं माणूस नसेल तर शेजारच्या काकूंशी तासाभराचं बोलून ठेवा, आणि एकटे असताना खोलीचं दार लावून काम करायचं नाही, ते फक्त बाहेर कुणी असेल तरच.

सकाळी लॉगिन करायच्या आधी पोराला भरपूर पळवून आणा, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोदापार्क, नाहीतर सोसायटीचं पार्किंग. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाला निदान १८० मिनिटं हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यातला तासभर सकाळीच झाला की साडेदहाच्या कॉलला ते शांत बसतं. डिसेंबर-जानेवारीत नाशकात कडाक्याची थंडी असते तेव्हा जरा ऊन आल्यावर न्या. परत आल्यावर दहा-पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून जमिनीवर बसून पूर्ण त्याचेच व्हा. माझ्या मते अख्ख्या यादीत याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. आधी पोटभर तुम्ही मिळालात की पोरगं नंतर सोडतं, अर्धवट मिळालात की दिवसभर ओढत राहतं.

मोबाईलबद्दल, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि नंतर जास्तीत जास्त एक तास असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, गावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल त्यात सहसा धरत नाहीत. दोनच्या पुढचं असेल तर तो वेळ सकाळी दात घासताना, जेवताना उधळू नका, क्लायंटच्या कॉलसाठी राखून ठेवा. दोन-तीन संथ गाणी आधीच डाउनलोड करा, ऑटोप्ले बंद करा, कारण गाणं आपोआप संपलं की पोरगं तितकं रडत नाही जितकं मधेच हातातून काढल्यावर रडतं.

राउटरला छोटा यूपीएस लावा, पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा पंखा बंद, वायफाय बंद आणि पोरगं जागं हे एकदमच होतं. लॅपटॉप सोडून उठताना स्क्रीन लॉक, चहाचा कप टेबलाच्या आतल्या बाजूला, चार्जरची वायर पायाखालून नाही तर टेबलामागून.

आणि ज्यांना संध्याकाळी अमेरिकेचा कॉल असतो त्यांनी कॅलेंडरमध्ये आत्ताच दोन खुणा करून ठेवा, मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, त्या दिवशी तिकडची घड्याळं मार्चात तासभर पुढे आणि नोव्हेंबरात तासभर मागे करतात. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे मार्चपासून आपले संध्याकाळचे साडेसहा असतात, नोव्हेंबरपासून साडेसात होतात, आणि साडेसात म्हणजे नेमकी वरण-भाताची आणि झोपेची वेळ. पोराचं जेवण एका दिवसात तासभर अलीकडे येत नाही, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासूनच दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे सरकवायला लागा, किंवा तिकडच्या लोकांना कॉल अर्धा तास आधी घ्याल का असं वेळेत विचारून ठेवा.