धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाट : मागणी कशी करावी, पाठपुरावा कसा ठेवावा

मोठ्या शस्त्रक्रियेचे एस्टिमेट हाती पडले की घरात पहिली चर्चा होते ती कोणाकडून किती उसने मिळतील याची. मग मोडायच्या ठेवी, गहाण टाकायचे दागिने आणि विकायचा जमिनीचा तुकडा यांच्यावर बोलणी येतात. महाराष्ट्रात मात्र त्याही आधी एक प्रश्न विचारला जायला हवा : ज्या रुग्णालयात रुग्णाला दाखल करायचे आहे, ते धर्मादाय न्यासाचे आहे काय? मुंबई आणि पुण्यातील अनेक नामांकित रुग्णालये, त्यांची दर्शनी लॉबी कितीही आलिशान असली, तरी कागदोपत्री सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत, आणि त्यांच्या एकूण खाटांपैकी २० टक्के खाटांवर गरजू रुग्णांचा कायदेशीर हक्क आहे. हा हक्क मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही, आणि चुकीच्या वेळी मागितला तर मिळूनही हातून निसटतो.

या हक्काचा आधार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१कक हा आहे. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेतून या कलमाच्या अंमलबजावणीसाठी एक सविस्तर योजना तयार झाली आणि ती २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखून त्यांच्यावर पूर्णपणे मोफत उपचार करायचे असतात, तर आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकातील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात द्यायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत गेली आहे. सध्या वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकात मोडतो. म्हणजे खासगी दुकानात किंवा कारखान्यात काम करणारी, महिन्याला पंचवीस-तीस हजारांत घर चालवणारी असंख्य कुटुंबे या योजनेत बसतात आणि त्यांपैकी अनेकांना त्याचा पत्ताही नसतो.

पैसा कोठून येतो, हे समजून घेतले तर पुढे होणारे वाद समजणे सोपे जाते. रुग्णालयाने आपल्या सर्व रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ नावाच्या वेगळ्या खात्यात जमा करायची असते आणि राखीव खाटांवरील उपचारांचा खर्च त्यातून भागवायचा असतो. रुग्णालयांची तक्रार अशी, की कर्करोगाचे किंवा अतिदक्षता विभागात दीर्घकाळ राहणारे मोजकेच रुग्ण आले तरी हा निधी आटतो. रुग्णहक्क कार्यकर्त्यांचे म्हणणे असे, की राखीव खाटा रिकाम्या असूनही ‘शिल्लक नाही’ हे उत्तर तोंडावर फेकले जाते. दोन्हींत तथ्य आहे. पण या वादात एक गोष्ट विसरली जाते : न्यासांना करात सवलती मिळतात, कित्येकांना शासकीय जमीन नाममात्र भाड्याने मिळालेली असते, काहींना वाढीव चटईक्षेत्र मिळालेले असते. राखीव खाट ही त्या सवलतींची परतफेड आहे. त्यामुळे ती मागताना ‘साहेब, काहीतरी कमी करा’ अशा विनवणीची भाषा वापरू नये; नम्रपणे, पण योजनेचे नाव घेऊन मागावी.

मागणी करायची योग्य वेळ म्हणजे दाखल होण्याचा दिवस. बिल वाढत गेल्यावर, डिस्चार्जच्या दिवशी, कॅश काउंटरवर हुज्जत घालून फार तर थोडी सूट पदरात पडते आणि ती रुग्णालयाची मेहेरबानी म्हणून दिली जाते. राखीव खाटेवर नोंद झालेल्या रुग्णाचे बिल मुळात वेगळ्या पद्धतीने तयार होते. निर्धन गटातील रुग्णाकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. दुर्बल घटकातील रुग्णाला औषधे, साहित्य आणि बसवायची उपकरणे रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावायची असतात आणि त्या रकमेचा किमान निम्मा भाग रुग्णाने भरायचा असतो. इतर सेवांचे दर सर्वांत खालच्या श्रेणीच्या वॉर्डाप्रमाणे आकारायचे असतात. सुरुवातीला रुग्णाला खासगी खोलीत ठेवले आणि आठवड्याने ही मागणी केली, तर मधल्या आठवड्याचे बिल जुन्याच दराने लागण्याची शक्यता मोठी असते. म्हणून दाखल करतानाच सर्वसाधारण वॉर्ड मागावा.

कागदपत्रांपैकी तीन महत्त्वाची आहेत : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि रुग्णाचे ओळखपत्र. योजनेनुसार उत्पन्नाचा पुरावा म्हणून तहसीलदारांचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील असल्याचे कार्ड यांपैकी काहीही चालायला हवे, परंतु प्रत्यक्षात सर्वांत कमी वाद दाखल्यावर होतो. हा दाखला तलाठ्यांच्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अहवालावरून निघतो आणि आपले सरकार केंद्रातून किंवा सेतूतून काढता येतो. त्याला काही दिवस लागतात, त्याची मुदतही ठरलेली असते. घरात कोणाचे डायलिसिस सुरू असेल, हृदयाचा आजार असेल किंवा प्रसूती जवळ आली असेल, तर दाखला आधीच काढून फाइलमध्ये लावून ठेवावा. शिधापत्रिकेवर सुनेचे किंवा लहान मुलाचे नाव चढवायचे राहून गेले असेल तर तेही याच वेळी उरकावे, कारण नेमक्या त्याच माणसाला दाखल करायची वेळ आली की पंचाईत होते.

रुग्णालयात पोहोचल्यावर बिलिंग काउंटरवर वेळ घालवू नये. तेथील कर्मचाऱ्याला या योजनेत निर्णय घेण्याचा अधिकार नसतो. वैद्यकीय समाजसेवकाचे कार्यालय कोठे आहे हे विचारून थेट तेथे जावे. कागदपत्रांची छाननी हाच विभाग करतो. अर्ज मात्र तोंडी करू नये. एका पानावर पुढील मजकूर पुरेसा होतो : ‘माझे वडील, वय ६२, यांना आज दि. … रोजी आपल्या रुग्णालयात हृदयविकाराच्या उपचारासाठी दाखल केले आहे. आमचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न … रुपये असून तहसीलदारांचा दाखला सोबत जोडला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खालील योजनेनुसार त्यांना निर्धन रुग्णांसाठी राखीव असलेली खाट मिळावी, ही विनंती. खाट उपलब्ध नसल्यास तसे कारणासह लेखी कळवावे.’ अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का, तारीख व स्वीकारणाऱ्याची सही घ्यावी. शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल, पण सर्वांत जास्त काम तेच करते. ‘खाट नाही’ हे लेखी देण्याची वेळ आली की अनेकदा खाट सापडते.

पोच देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज रुग्णालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावा आणि त्याची प्रत त्या विभागाच्या धर्मादाय सह आयुक्तांच्या (सार्वजनिक न्यासांवर देखरेख ठेवणारे शासकीय अधिकारी) कार्यालयाला द्यावी. राखीव खाटांची स्थिती पाहण्याची सोय धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर आहे. तेथील आकडा त्याच दिवशी पाहून मोबाइलवर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. ‘खाट आहे, पण निधी संपला’ असे उत्तर आले तरी विषय तेथे संपत नाही. निधीत तूट असेल तर रुग्णालयाने ती बाब या योजनेवर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख समितीपुढे मांडून तिचे निर्देश घ्यायचे असतात, अशी योजनेतच तरतूद आहे. त्यामुळे ‘समितीला कधी कळवले?’ हा प्रश्न लेखी विचारावा.

तातडीच्या रुग्णाचा नियम वेगळा आहे. अपघात, हृदयविकाराचा झटका, प्रसूतीतील गुंतागुंत अशा वेळी धर्मादाय रुग्णालयाने रुग्णाला तत्काळ दाखल करून, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे असतात आणि त्यासाठी अनामत रक्कम मागायची नसते. तातडीचे उपचार नाकारता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले होते. मार्च २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या नातेवाइकांकडे धर्मादाय रुग्णालयाने दहा लाख रुपयांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, पुढे त्या मातेचा मृत्यू झाला आणि राज्यभर संताप उसळला; तातडीच्या रुग्णाकडून अनामत घेऊ नये, हे त्यानंतर धर्मादाय रुग्णालयांना पुन्हा बजावण्यात आले. अशा वेळी कागदपत्रे नंतर आणून देता येतात; आधी उपचार सुरू करण्याचा आग्रह धरावा आणि अनामतीची मागणी झालीच तर ती लेखी द्या, असे सांगावे.

राखीव खाट हा एकच रस्ता आहे असे मात्र नाही, आणि कित्येकांसाठी तो पहिलाही नाही. उत्पन्न ३ लाख ६० हजारांच्या वर असेल, किंवा दाखला हाताशी नसेल, तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहावी. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. २०२३ च्या शासन निर्णयाने तिची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत, म्हणजे पांढऱ्या कार्डापर्यंतही वाढवली. ‘आमचे कार्ड पांढरे, आम्हाला काही मिळत नाही’ हा समज त्यामुळे जुना झाला आहे. अट एवढीच, की रुग्णालय योजनेच्या यादीतील असावे आणि आजारही यादीतील असावा; शिवाय काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखलेले आहेत. यादीतील रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन आधी त्याच्याकडे नोंदणी करावी, पूर्वमंजुरी येऊ द्यावी आणि मगच नियोजित शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी. आधी पैसे भरून नंतर योजनेतून परत मिळतील, अशी तोंडी हमी कोणी दिली तर तिच्यावर विसंबू नये. मंजूर पॅकेजमध्ये तपासण्या, औषधे आणि जेवण धरलेले असते, त्यामुळे त्यावर वेगळे पैसे मागितले गेल्यास १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे वेळेवर येत नाहीत, ही रुग्णालयांची ओरड खोटी नाही. पण ती शासनाशी भांडून सोडवायची गोष्ट आहे, रुग्णाच्या नातेवाइकाकडून ‘वरचे’ पैसे घेऊन नव्हे.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये त्यात येत नाहीत, हा फरक लक्षात ठेवावा.

मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यास आणि इतर न्यास यांची मदत शेवटच्या टप्प्यातली समजावी. मुख्यमंत्री सहायता निधीची रक्कम रुग्णाच्या हाती न येता थेट रुग्णालयाला जाते आणि झालेल्या खर्चाची प्रतिपूर्ती त्यातून होत नाही. म्हणून अर्ज रुग्ण दाखल असतानाच, रुग्णालयाच्या सही-शिक्क्याच्या अंदाजपत्रकासह करावा लागतो.

ज्यांच्याकडे खासगी आरोग्य विमा आहे त्यांनी खोलीच्या भाड्याची मर्यादा आधी पाहावी. पॉलिसीत दिवसाला ४,००० रुपये भाडे मान्य असताना ८,००० रुपयांची खोली घेतली, तर कंपनी केवळ भाड्यातील फरक कापून थांबत नाही. डॉक्टरांच्या फीसारख्या संलग्न खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. औषधे आणि बसवलेली उपकरणे या कपातीतून वगळलेली असतात, हे मात्र दावा तपासताना लक्षात आणून द्यावे.

बिल कोणत्याही मार्गाने भरायचे असो, ते तपशीलवार मागावे. ‘औषधे व साहित्य’ अशी एकच ओळ आणि पुढे सहा आकडी रक्कम, हे बिल नव्हे. हृदयात स्टेंट बसवला असेल तर त्याची किंमत, ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्र दाखवणे रुग्णालयाला बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा औषधी आवरणाच्या स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती, आणि त्याआधी त्याच वस्तूसाठी लाखाच्या पुढे रक्कम मोजणारे रुग्ण सर्रास होते. स्टेंटच्या खोक्यावरील स्टिकर मागून घ्यावे आणि बिलाशी ताडून पाहावे. औषधे रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही. जेनेरिक औषधे बाहेरून आणायची असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही. महाराष्ट्रातील शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने हे स्पष्ट केले असून, रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणेही बंधनकारक केले आहे. या नियमांच्या भंगाची तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा यंत्रणेकडे करायची असते. राखीव खाटेची तक्रार मात्र धर्मादाय सह आयुक्तांकडेच न्यावी, कारण चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पत्रव्यवहारात महिनोन्‌महिने फिरत राहतो. तक्रारीसोबत पोच असलेली अर्जाची प्रत, दाखला, तपशीलवार बिल आणि पावत्या जोडाव्यात. उपचारांच्या कागदपत्रांची प्रत मागितल्यापासून ७२ तासांच्या आत मिळायला हवी, म्हणून तो अर्ज डिस्चार्जच्या दिवशीच देऊन टाकावा. ग्राहक आयोगात जायचे ठरले तर घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि तेथे पहिल्याच तारखेला मागितली जातात ती हीच कागदपत्रे.