ठगांच्या टोळीतील सभासदत्व आणि निष्ठा : जुने जबाब कसे वाचावेत

वाटसरूंचा विश्वास मिळवून त्यांना गळा आवळून मारणाऱ्या आणि लुटणाऱ्या ठगांच्या टोळीत माणूस कसा शिरत असे, तिथे कशाच्या बळावर टिकत असे आणि कोणत्या परिस्थितीत आपल्याच साथीदारांची नावे सांगायला तयार होत असे, हे समजून घेण्याचे मुख्य साधन म्हणजे कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात नोंदवलेले माफीच्या साक्षीदारांचे जबाब. जबलपूर परिसरात ठगांचा बंदोबस्त करणारा कंपनीचा अधिकारी विल्यम स्लीमन याने त्यांतले बरेचसे गोळा केले आणि १८३६ मध्ये कलकत्त्यात ते छापलेही गेले. नाशिकमध्ये ज्यांना या विषयाचा अभ्यास करायचा आहे, त्यांच्यासाठी हे जबाब वाचण्याची एक पद्धत इथे मांडतो.

जबाब हातात घेण्यापूर्वी १८३६ चा तिसावा कायदा वाचावा. तो छोटा आहे, पण त्याशिवाय पुढचे काहीच नीट उलगडत नाही. एखादा माणूस ठगांच्या टोळीत कधीही होता, मग तो काळ कायद्याच्या आधीचा असो वा नंतरचा, एवढे सिद्ध झाले की त्याला जन्मठेप आणि सक्तमजुरी देता येईल, अशी तरतूद त्यात होती. खून कोणी केला, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला आणि टोळीत कोण होते, हा प्रश्न पुढे आला. अधिकारी साक्षीदाराला तेच विचारत राहिले आणि जबाबांत तेच उतरले. म्हणून एखाद्याचे सभासदत्व या कागदांत जितके ठाम दिसते तितके ते प्रत्यक्षात होते, असे गृहीत धरू नये.

यानंतर एक वही आखावी. प्रत्येक जबाबासाठी बोलणारा कोण, तो केव्हा पकडला गेला, माफी आधी मिळाली की जबाबानंतर, त्याने कोणाची नावे घेतली आणि त्या प्रत्येकाशी त्याचे नाते काय, असे रकाने असावेत. आणखी एक रकाना मारल्या गेलेल्या प्रवाशांसाठी ठेवावाच. जबाबांत ते बहुधा ‘दोन शिपाई’, ‘चार व्यापारी’ अशा मोघम उल्लेखापुरतेच उरतात, आणि टोळीच्या आतल्या नात्यांचा अभ्यास करताना ही माणसे आपल्या नजरेतून निसटणे मला अक्षम्य वाटते.

नात्याचा रकाना सर्वात जास्त शिकवतो. खुद्द स्लीमनने ठगांच्या वंशावळी तयार केल्या होत्या, कारण एक नाव मिळाले की त्याचे भाऊ, काका, मेहुणे शोधता येत होते. मात्र या वंशावळींमुळे ठग हा जन्मानेच ठग असे, असा समज दृढ झाला. जबाब सावकाश वाचले तर वेगळे चित्र दिसते : टोळ्यांत हिंदू आणि मुसलमान एकत्र होते, निरनिराळ्या जातींचे लोक होते, अनेकजण एरवी शेती करणारे होते, आणि काही जण एखाद-दुसऱ्या मोहिमेपुरतेच सामील झालेले होते. अशा माणसाला आणि पिढीजात जमादाराला, म्हणजे टोळीच्या म्होरक्याला, एकाच शब्दाने ओळखणे ही कायद्याची सोय होती. अभ्यासकाने ती स्वीकारू नये. वहीत प्रत्येकाचे काम स्वतंत्र नोंदवावे. प्रवाशांशी गोड बोलून त्यांना सोबतीला घेणारा सोठा, रुमालाने गळा आवळणारा भुर्तोट आणि खड्डे खणून प्रेते पुरणारा लुघा यांचा दर्जा सारखा नव्हता. जमादाराला लुटीतला जादा हिस्सा मिळे, आणि जोखमीच्या कामालाही वेगळा मोबदला असे. वाटणीचा तपशील जिथे मिळेल तिथे तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा, कारण टोळीतला मान कोणाला होता हे त्यावरून अधिक विश्वासाने कळते.

निष्ठेविषयी लिहिताना सर्वाधिक सावध राहावे लागते. खुनानंतर होणारा तपोनीचा विधी, त्यातला गुळाचा प्रसाद, कुदळीची शपथ आणि भवानीवरची श्रद्धा यांची वर्णने इतकी चित्तवेधक आहेत की निष्ठेचे सारे रहस्य तिथेच असावे असे वाटू लागते. फिरंगिया नावाच्या प्रसिद्ध जमादाराने तर असे सांगितले होते की, हा गूळ एकदा चाखलेला माणूस, त्याला सगळे धंदे येत असोत की जगातली सगळी संपत्ती त्याच्याजवळ असो, ठगच राहतो. पण हे सांगणारा फिरंगिया तेव्हा स्वतः माफीचा साक्षीदार झालेला होता. त्याची आई, पत्नी आणि मूल स्लीमनच्या ताब्यात होते, म्हणून तो दूर पळून जाऊ शकला नाही आणि १८३० च्या अखेरीस पकडला गेला. त्यानंतर त्याने साथीदारांची नावे दिली आणि प्रेते पुरलेल्या जागाही दाखवल्या. गुळाचे बंधन कुटुंबाच्या ओढीपुढे आणि फासापुढे किती टिकले, हे त्याच्याच चरित्रातून तपासता येते.

असाच दुसरा दावा वहीच्या आधारे पडताळून पाहावा. ठग एक वेळ बापाला पकडून देईल, पण ज्या गुरूने त्याला गळा आवळण्याची दीक्षा दिली त्याला देणार नाही, अशा आशयाचे स्लीमनने लिहून ठेवले आहे. आपल्या वहीत गुरूचे नाव जिथे कळते, तिथे शिष्याने ते नाव घेतले का, आणि घेतले असल्यास गुरू तेव्हा जिवंत होता की आधीच फासावर गेलेला होता, हे पाहावे. मेलेल्या किंवा आधीच पकडलेल्या माणसाचे नाव घेणे आणि घरी शेतीवर असलेल्या माणसाचे नाव घेणे यांत फार अंतर आहे. तसेच एखादा साक्षीदार ज्या मोहिमेत होता त्याच मोहिमेचे इतरांचे जबाब शेजारी ठेवावेत. इतर सर्व जण ज्याचे नाव घेतात त्याला हा एकटाच वगळत असेल, तर निष्ठेचा खरा पुरावा तिथे मिळण्याची शक्यता असते. खोटे बोलल्यास माफी जाण्याची भीती असतानाही त्याने ते नाव गाळलेले असते.

टोळीबाहेरच्या आश्रयदात्यांकडेही लक्ष द्यावे. काही जमीनदार ठगांना गावात राहू देत आणि लुटीत वाटा घेत. त्यामुळे जमादाराची निष्ठा वरच्या दिशेनेही बांधलेली असे. स्ट्युअर्ट गॉर्डन, राधिका सिंघा आणि किम वॅग्नर या इतिहासकारांनी या प्रश्नांवर बारकाईने काम केले आहे. त्यांची मते परस्परांपासून वेगळी आहेत, म्हणून एकाच्याच आधारे लिहू नये.

नाशिकमध्ये सुरुवात करायला १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, आणि पुढे मुंबईतील राज्य पुराभिलेखागारात जावे. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमुळे रस्ते, घाट आणि बाजारपेठा कळतात. जुन्या इंग्रजी कागदांत चांदवड हे चांदोर म्हणून सापडेल, हे लक्षात ठेवावे. याच कागदांत आपल्या भागातील भिल्ल आणि कोळी बंडखोरांनाही टोळीवाले म्हटलेले आढळते. सिन्नर परिसरात १८५७ मध्ये उठाव करणारे भागोजी नाईक किंवा १८४८ मध्ये फाशी गेलेले राघोजी भांगरे यांच्या साथीदारांची निष्ठा ठगांच्या मापाने मोजणे ही गंभीर चूक ठरेल. सत्तेशी लढण्यासाठी जमलेली माणसे आणि वाटसरूंना मारण्यासाठी जमलेली माणसे यांना एकाच रकान्यात बसवू नये.

लेखन करताना जातीवरून निष्कर्ष काढू नयेत. सभासदत्व हाच गुन्हा, हा विचार १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात संपूर्ण समाजांवर लादला गेला, आणि तो कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला तरी विमुक्त म्हटल्या जाणाऱ्या लोकांना संशयाचा जाच अजून सोसावा लागतो. म्हणून ‘अमुक जातीचे लोक ठग होते’ असे वाक्य मसुद्यात आले असेल तर ते काढावे आणि त्या जागी कोणी, कोणत्या वर्षी, कोणत्या जबाबात, कोणाविषयी काय सांगितले, एवढेच लिहावे.