गुगलवर नीट सापडत नाही? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपल्या मनात काय आहे ते गुगलला माहितीच आहे असं धरून चालणं. 'मुरुड बीच होमस्टे' एवढंच टाकलं की बहुतेक वेळा रायगडातलं जंजिऱ्याजवळचं मुरुड वर येतं, आणि तुम्हाला जायचं असतं दापोलीजवळच्या हर्णे-कर्दे पट्ट्यातल्या मुरुडला, वर लातूर जिल्ह्यात तिसरं मुरुड आहेच. पहिली दोन समुद्रावरचीच, त्यामुळे फोटो बघून पण फरक कळत नाही आणि ॲडव्हान्स भरून झाल्यावर कळलं तर काय उपयोग! आंबोलीचं पण तसंच, एक सावंतवाडीजवळ घाटातली आणि एक मुंबईत अंधेरीची. गावाच्या पुढे तालुका टाकायचाच. नको तो शब्द वजा चिन्ह लावून काढता येतो (चिन्ह आणि शब्द यात स्पेस नको), पण 'मुरुड -जंजिरा' केलंत तर 'हे जंजिऱ्याचं मुरुड नव्हे बरं का' असं लिहिणारं दापोलीचं चांगलं पान पण उडतं, म्हणून माझ्या मते आधी 'दापोली' जोडून बघा, वजा नंतर.

दुसरं, प्रश्न आपल्या भाषेत विचारायचा की उत्तर जिथे असेल तिथल्या भाषेत? इथे खूप जण अडकतात. 'आंबा बाहेरून चांगला आतून पांढरा का' असं टाकून काहीबाही येतं, तेच 'हापूस साका' टाका, थेट मुद्द्याची पानं येतात, कारण लिहिणाऱ्यांनी साका हाच शब्द वापरलेला असतो. मोहोरावर काय फवारायचं हे बघायचं असेल तर 'आंबा मोहोर संरक्षण वेळापत्रक' आणि पुढे 'कोकण कृषी विद्यापीठ दापोली' टाका, आणि शेवटी इंग्रजी अक्षरांत फाइलटाइप, कोलन, पीडीएफ असं सलग लिहा म्हणजे फक्त पीडीएफ फाइलीच येतील. मराठीत नाही मिळालं तर तोच शोध इंग्रजीत करून बघा, रिझल्ट बरेच वेगळे येतात. आणि एक कळकळीने सांगते, वर जे एआयचं तयार उत्तर दिसतं त्यावरून औषधाचं प्रमाण ठरवू नका, खाली मूळ पान उघडा, बाग वर्षाची कमाई असते.

तारीख न बघणं ही पण चूकच. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बरीच वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ ला ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं, आता जुनं पान उघडून कोणी स्टेशनवर गेलं तर गाडी निघून गेलेली असू शकते. सर्चच्या खाली टूल्स असतं, तिथे 'मागचा महिना' किंवा 'मागचं वर्ष' निवडा.

नेमकं वाक्य हवं असेल तर अवतरण चिन्हात टाका. स्पेलिंगचं मात्र लक्ष ठेवा, हर्णे कोणी हर्णै लिहितं, इंग्रजीत तर मालवणचंच 'व्ही'ने आणि 'डब्ल्यू'ने दोन्ही चालतं, आणि अवतरण लावलं की दुसऱ्या स्पेलिंगची पानं हातची जाऊ शकतात.

सगळ्यात जास्त काळजी फोन नंबर शोधताना. बँकेचा, गॅसचा, तिकीट रिफंडचा कस्टमर केअर नंबर सर्च करून पहिला दिसला तो लावायचा नाही, वर 'प्रायोजित' लिहिलेलं असेल तर ती जाहिरात असते, आणि नकाशावरच्या नोंदीत पण लोक खोटे नंबर घालून ठेवतात. बँकेचा नंबर पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे असतो, तोच वापरा. सातबारा किंवा सरकारी दाखल्याचं काम असेल तर वेबसाइटच्या नावाच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघूनच माहिती भरा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण हे एकदा बसून दाखवा. आणि पैसे गेलेच तर घरात चर्चा करत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.