घराला जनरेटर जोडायचाय? आधी चेंजओव्हर बसवा, मग बाकीचं

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या सगळ्या पट्ट्यात पोल आडवे झाले, कितीतरी गावांत लाईट यायला आठवडे गेले, आणि त्या दिवसांत आमच्याकडे ज्याला जमलं त्याने छोटा पेट्रोल जनरेटर आणला. आणला ते बरोबरच केलं, पण जोडला कसा? एक वायर घेतली, दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप लावले, एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरं घरातल्या कुठल्यातरी प्लगमध्ये. पंखे फिरले, फ्रिज चालू झाला, सगळे खूश. असलं जोडकाम मी आजही बघतो, म्हणून हे लिहायला घेतलंय.

यात होतं काय ते आधी समजून घ्या. प्लगमधून आत आलेला करंट घरातल्या वायरिंगमधून मेन स्विचपर्यंत जातो आणि मेन चालू राहिला असेल तर मीटरमधून उलटा पोलवर, तिथून डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर. डीपी 11,000 व्होल्टचे 433 करते, पण ट्रान्सफॉर्मरला उलटंसुलटं कळत नाही, खालून 230 दिले की वरच्या बाजूला काही हजार व्होल्ट तयार होतात. आणि नेमका त्याच लाईनवर कोणीतरी लाइनमन तार जोडायला चढलेला असतो, लाईन बंद केलीय असं समजून. काहीजण म्हणतात की सगळ्या गावाचा लोड आला की जनरेटर बंदच पडेल. बऱ्याचदा पडतो, खरंय. पण वादळात तार तुमच्या घराजवळच तुटलेली असली तर गावाचा लोड येतच नाही, मधला तेवढाच तुकडा जिवंत राहतो आणि लाइनमन नेमका तोच तुकडा जोडायला आलेला असतो.

"आम्ही मेन बंद करतो ना" हे उत्तर पण नको. रात्री दोनला, पावसात, टॉर्चच्या उजेडात आपण काय काय विसरतो ते आपल्यालाच माहीत. त्यात त्या वायरचं एक टोक प्लगमधून निसटलं तर उघड्या पिनांवर 230 व्होल्ट असतात, आणि घरात पोरंबाळं असतात.

उपाय एकच, चेंजओव्हर स्विच. एका दांड्यावर तीन जागा, 1 म्हणजे बोर्डाची लाईट, 0 म्हणजे काहीच नाही, 2 म्हणजे जनरेटर. 1 आणि 2 एकाच वेळी लागूच शकत नाहीत, म्हणजे विसरलात तरी चूक होत नाही.

आता कामाला लागू. पहिल्यांदा लोड मोजा. एलईडी बल्ब 9 वॅट, साधा पंखा 75, फ्रिज चालताना 150-200, पण फ्रिज आणि पंप सुरू होताना काही क्षण कित्येक पट जास्त ओढतात, इथेच सगळ्यांचा हिशोब चुकतो. 1 एचपीचा पंप चालताना हजार-अकराशे वॅट घेतो, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट करंट मागतो. 3 केव्हीएचा जनरेटर म्हणजे 230 व्होल्टला साधारण 13 अँपिअर. त्यावर दिवे, पंखे, फ्रिज, मोबाईल चार्जिंग आरामात होतं, पंप लावायचा तर बाकी सगळं बंद ठेवून लावा आणि घेण्याआधी दुकानदाराला पंपाचं सांगूनच घ्या. गीझर आणि एसी विसरा.

मग परवाना असलेला वायरमन बोलवा. हे काम स्वतः करू नका, कारण मेन स्विच पाडला तरी मीटरकडून मेनला येणारी वायर जिवंतच असते. ती बंद करायची तर पोलवरून करावी लागते, ते महावितरणच्या माणसाचं काम, आणि मीटरच्या सीलला आपण हात लावायचाच नाही. पण वायरमन काय करतोय ते आपल्याला कळलं पाहिजे, म्हणून पुढचं वाचा.

चेंजओव्हर मेन स्विचच्या नंतर आणि घरातल्या डीबीच्या (ज्या पेटीतून घरभर वायरी फुटतात तिच्या) आधी बसतो. सिंगल फेज घराला डबल पोलच घ्यायचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटले पाहिजेत, थ्री फेज असेल तर फोर पोल. पैसे वाचवायला नुसता फेज तोडणारा स्विच लावला तर न्यूट्रलच्या वाटेने जनरेटर आणि बोर्डाची लाईन जोडलेलेच राहतात. रेटिंग घराच्या मेनला शोभेल असं, 40 किंवा 63 अँपिअर. स्विचच्या आधी, बोर्डाच्या बाजूला, एक छोटा इंडिकेटर लावून घ्या, लाईट आली ते त्यावरून कळतं, नाहीतर शेजाऱ्यांच्या खिडकीकडे बघत बसावं लागतं. घरावर सोलर असेल आणि तो बोर्डाच्या लाईनशी जोडलेला असेल तर त्याची जोडणीही चेंजओव्हरच्या आधीच्या बाजूला हवी, कारण डीबीत जोडलेला असला तर सोलरचा इन्व्हर्टर जनरेटरलाच बोर्ड समजून त्यात करंट ढकलायला बघतो आणि जनरेटर बिघडतो.

जनरेटरची वायर आत घ्यायला बाहेरच्या भिंतीवर झाकणवाला इंडस्ट्रियल सॉकेट लावा, पिना भिंतीकडच्या भागात आणि भोकं वायरच्या टोकाला, म्हणजे निसटली तरी उघडी पिन जिवंत राहत नाही. वायर तीन कोअरची, तांब्याची, 4 स्क्वेअर एमएम, आणि मधे जनरेटरच्या मापाचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), 3 केव्हीएला 16 अँपिअरचा पुरतो.

अर्थिंगकडे सगळे दुर्लक्ष करतात. जनरेटरच्या बॉडीला स्वतंत्र अर्थिंग द्या. आणि वायरमनला एक प्रश्न नक्की विचारा, जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलाय का? बऱ्याच छोट्या जनरेटरमध्ये तो मोकळा असतो, मग टेस्टर दोन्ही वायरींवर मंद पेटतो आणि वाईट म्हणजे, कोणाला शॉक बसला तरी घरातला आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाईन तोडणारा स्विच) पडेलच याची खात्री राहत नाही. जोडणी झाली की जनरेटर चालू असताना टेस्ट लॅम्पने फेज-अर्थ तपासून आरसीसीबी खरंच पडतो का ते तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. नुसतं त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून भागत नाही, त्याने न्यूट्रलचं काही कळत नाही.

जनरेटर ठेवायचा कुठे, तर घराबाहेर, उघड्यावर, दार-खिडकीपासून निदान 20 फूट लांब, धूर घराकडे येणार नाही अशा बाजूला. पाऊस आहे म्हणून पडवीत, पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली आणू नका, खिडक्या उघड्या असल्या तरी नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस उठतच नाही. वर पत्र्याचं छप्पर करा, चारी बाजू मोकळ्या ठेवा.

लाईट गेली की क्रम असा: डीबीतले सगळे एमसीबी खाली, चेंजओव्हर 0 वर, जनरेटर सुरू करून दोन-तीन मिनिटं रिकामा चालू द्या, व्होल्टमीटरवर 220 ते 240 दिसले की दांडा 2 वर, मग एकेक एमसीबी वर करा, आधी फ्रिज, मग पंखे-दिवे. इन्व्हर्टर असेल तर बॅटरी रिकामी असताना त्याचं चार्जिंगही बराच लोड घेतं, ते धरून चाला. लाईट परत आली की उलट: एमसीबी खाली, दांडा 0, जनरेटर दोन मिनिटं रिकामा चालवून बंद, मग दांडा 1 वर, मग एमसीबी. हा क्रम कागदावर लिहून स्विचच्या शेजारी चिकटवा आणि घरातल्या प्रत्येकाकडून एकदा करून घ्या, आई-आजीसकट, कारण लाईट जाते तेव्हा तुम्ही घरी असालच असं नाही.

पेट्रोल भरायचं ते जनरेटर बंद करून, थंड झाल्यावर. महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं लोड देऊन चालवा, नाहीतर टाकीत पेट्रोल खराब होतं आणि नेमका वादळाच्या दिवशी तो सुरू होत नाही.

आणि बसवून झाल्यावर आपल्या भागातल्या लाइनमनला सांगून ठेवा की आमच्याकडे जनरेटर आहे, चेंजओव्हरसकट आहे. त्याला घरी बोलावून दांडा दाखवा, चहा द्या. पुढच्या वादळात तो तुमच्या घरासमोरच्या पोलवर चढेल तेव्हा त्याला माहीत असेल.