बेल्टिंग करताना घसा बसतोय? या चुका टाळा

आपलं कोल्हापूर शाहिरांचं, पोवाडा कानावर पडतच मोठं झालेलं. त्यामुळे जोर लावला की आवाज वर चढतो, असं मुलांना वाटतं. पण बेल्टिंग म्हणजे ओरडणं नाही. छातीच्या आवाजाचा, म्हणजे बोलताना लागतो त्या भरदार आवाजाचा, भरणा तार (वरच्या) सप्तकात टिकवायचा, आणि त्याला श्वास जास्त नाही, कमी लागतो.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. गेल्या महिन्यात एक मुलगी आली, काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) गाणारी. तार रिषभ (वरचा रे) आला की खांदे कानाशी, हनुवटी वर आणि मानेची शीर तट्ट फुगलेली. छाती गच्च भरून घेतलेली ती सगळी हवा एकदम सुटते, तिला अडवायला गळा आवळतो आणि सूर चिरकतो. तिला म्हटलं, गाऊ नकोस. रंकाळ्याच्या काठावर पुढं गेलेल्या मैत्रिणीला हाक मार: "ए, थांब की गं!" आवाज मोकळा आला. त्या 'ए'ला जीभ आपोआप पुढे येते, तोंड रुंद उघडतं. तोच 'ए' मग पेटीवर अर्ध्या-अर्ध्या सुराने वर नेला.

दुसरी चूक उसन्या पट्टीची, म्हणजे आपल्या आवाजाला न बसणाऱ्या पट्टीत गायची. जाड आवाजाच्या पुरुषाने काळी एक धरली, तर आवाजाचा सांधा, म्हणजे छातीचा आवाज संपून वरचा हलका आवाज सुरू होतो ती जागा, साधारण तार सा ते गंधाराच्या आत येतो; पातळ आवाजाच्या पुरुषाला तो थोडा वर, मध्यमापर्यंत लागतो. सांध्यावर भार हलका केलाच पाहिजे. खालच्या, ठसठशीत आवाजाच्या बाईला काळी चारमध्ये तार सा-रे जमतात, गंधारापासून ती अडखळते. उंच आवाजाच्या मुलींचं उलट. त्यांचा छातीचा आवाजच कच्चा असतो. त्यांनी आधी मध्य सप्तकात बोलल्यासारखं गाऊन तो पक्का करावा, वर जायची घाई नको.

तार सुरावर 'ई' चिमटू नका, जरा 'ए'कडे झुकवा, 'ऊ' 'ओ'कडे.

1915 साली पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभं राहिलं तेव्हा माईक नव्हता. आज मंडळाच्या स्टेजवरही असतो. स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर साउंडवाल्याला सांगा, गळा ताणू नका.

खवखवलं की त्या दिवसापुरतं बेल्टिंग बंद. लवंग चघळून रेटू नका. गिळलेली वस्तू स्वरपडद्यांना लागतच नाही. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.